फ्रिजमधला पिस्टन

माझ्या बहिणीच्या सासरी फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, बर्फाच्या ट्रेशेजारी, एका प्लॅस्टिकच्या पिशवीत पिस्टन ठेवला होता. तिची सासू बर्फ काढायला गेली आणि तिच्या हाताला तो गार तुकडा लागला. ती म्हणाली, "ह्यात अन्न ठेवतोय आपण." तिचा धाकटा मुलगा, म्हणजे माझ्या बहिणीचा दीर, ओसरीवरून म्हणाला, "आये, हात लावू नगं. त्यो गारठू दे. गारठला की बारीक हुतोय."

हे त्याचं म्हणणं बरोबर होतं. धातू गार झाला की आकसतो. पुढचं मात्र त्याला कळत नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

मी इस्लामपुरात राहतो आणि एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काम करतो. भरलेली ट्रॉली एकदा काट्यावर येते, रिकामी एकदा येते. दोन्हींतला फरक म्हणजे ऊस. ह्या कामात माणसाचा अंदाजावरचा विश्वास उडतो. बहीण माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. शिराळ्याच्या वरच्या अंगाला डोंगराच्या पोटात एक गाव आहे, तिथं तिला दिलेली. तिचा नवरा चार वस्त्यांवरचं दूध मोटरसायकलला दोन बाजूंनी कॅन अडकवून गोळा करायचा आणि खाली रस्त्यावरच्या संकलन केंद्रात घालायचा. तो झोपेतच गेला, हृदय बंद पडून. तेराव्यानंतर बहिणीनं त्याचीच गाडी काढली आणि त्याचीच फेरी सुरू केली.

नवरा असताना सकाळचं दूध पंचेचाळीस लिटरच्या वर जात नव्हतं. तिनं ते सत्तरपर्यंत नेलं. कारण साधं होतं. ती माप भरून घ्यायची आणि भरूनच सांगायची, आणि दुधाचा फॅट जो लागेल तोच दुसऱ्या दिवशी दारात उभी राहून सांगायची. वस्तीवरच्या बायका तिच्याशी मोकळ्या बोलत. घरात मात्र ह्याचं कौतुक नव्हतं. सासू म्हणायची, "बाईमाणूस उजाडायच्या आत गाव हिंडतंय, आमाला खाली मान घालावी लागती."

खरी अडचण मानेची नव्हती. दीर चौतिसाव्या वर्षात होता आणि त्याचं लग्न जमत नव्हतं. त्याची कोंबड्यांची शेड तोट्यात जाऊन रिकामी झालेली. मुलीकडचे लोक येत, चहा घेत आणि एकच प्रश्न विचारत, "पोरगा करतो काय?" ह्या प्रश्नाला त्या घरात उत्तर नव्हतं. सासूच्या मनात उत्तर तयार होतं: दुधाचा धंदा. चार वस्त्या, सत्तर लिटर, स्वतःची गाडी. फक्त तो धंदा सध्या विधवा सुनेच्या हातात होता.

गाडी निळा धूर टाकू लागली तेव्हा बहिणीनं मला फोन केला. पिस्टन आणि ब्लॉक झिजला होता, इंजिन ऑइल पीत होतं. ते मॉडेल कंपनीनं कधीच बंद केलेलं, त्यामुळे कंपनीचा माल मिळत नाही. सांगलीत लोकल कंपन्यांचे किट मिळतात, त्यांत ब्लॉक, पिस्टन, रिंगा सगळं एका डब्यात असतं. मी म्हटलं, किट मी आणतो, रविवारी येतो आणि घरीच बसवून देतो. माझ्या स्वतःच्या गाडीचं हे काम मी दोनदा घरी केलेलं आहे.

रविवारी मी पोचलो तेव्हा दिरानं किट आधीच आणलं होतं आणि इंजिन उघडून अंगणात पोत्यावर मांडलं होतं. मला बघून तो म्हणाला, "या पावणं. आज काटा बंद हाय व्हय? का आमच्या वैनींचं वजन कराय आलाय?"

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे सुनेच्या भावाची चेष्टा करायची रीत आहे. लग्नात ती मानाची समजतात, सगळे हसतात, भाऊही हसतो. पण ह्या घरात ती रीत कधी संपलीच नाही. तिला टोक आलं होतं. आणि मी उत्तर दिलं की त्याची किंमत बहीण चुकवायची. एकदा त्याच्या कोंबड्यांच्या तोट्याचा खरा आकडा मी त्याच्याच तोंडावर बोललो होतो. मी गेल्यावर सासूनं दुधाच्या खोलीची किल्ली स्वतःच्या कमरेला लावली. मग बहिणीला पहाटे रोज तिला उठवून किल्ली मागावी लागायची, आणि सासू रोज आधी कूस बदलायची, मग हात पुढं करायची. तेव्हापासून मी त्या ओसरीवर तोंड मिटून बसायला शिकलो.

मी पोत्याशेजारी बसलो. ब्लॉक पुसला, पिस्टन पुसला, रिंगा न चढवता नुसता पिस्टन तेल लावून ब्लॉकमध्ये सोडला. बरोबर बसणारा पिस्टन असा सोडला की स्वतःच्या वजनानं सावकाश खाली सरकतो. हा अर्ध्यावर थांबला. अंगठ्यानं दाबला तर गेला, सोडला तर तिथंच राहिला. मी खिशातून फीलर गेज काढला. त्यात पोलादाच्या पातळ पट्ट्या असतात, प्रत्येकीवर जाडी कोरलेली. एका मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातल्या तीन भागांएवढी माझी सगळ्यांत पातळ पट्टी. ती पिस्टन आणि ब्लॉकमध्ये शिरेना. निदान चार भाग मोकळे हवेत. इथं जेमतेम एक असावा.

मी म्हटलं, "पावणं, हा टाईट आहे. असा बसवला तर तापून आत अडकणार, इंजिन धरणार."

"टाईट हाय म्हंजी चांगलं की," दीर म्हणाला. "ढिला काय कामाचा? आमच्या दुकानदाराला मीच सांगितलं, चार-पाच डबं फोड, त्यातला सगळ्यात टाईट दे. लय दिवस चालाय पायजे."

म्हणजे त्यानं मुद्दाम निवडून आणला होता. एकाच मापाच्या डब्यांतही लोकल मालात असा बारीक फरक निघतो, आणि ह्यानं नेमका तो फरक दुकानात उभं राहून शोधला होता. आमच्या भागात ही समजूत पक्की आहे. दाराची कडी असो, बैलगाडीचा कणा असो की इंजिन, घट्ट बसलं ते चांगलं. त्या समजुतीत वाढलेल्या माणसाला इंजिनात जागा मोकळी सोडायची असते हे पटत नाही. त्याला ती कंपनीची लबाडी वाटते.

मी सांगितलं, "पिस्टन ॲल्युमिनियमचा आहे, ब्लॉकच्या आतली नळी लोखंडाची. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. थंड असताना जागा नसेल तर गरम झाल्यावर कुठून येणार? ब्लॉक सांगलीला नेऊ, आतून होन मारून घेऊ, म्हणजे नळी घासून जरा मोठी होईल. एका दिवसाचं काम."

"आनि एक दिस दूध काय डोस्क्यावर न्यायचं?"

"तुमची गाडी आहे की."

"माझ्या गाडीला दुधाची कॅन?" तो हसला. "नवी गाडी हाय, पावणं. आंबूस वास बसला की निघत न्हाई. पोरगी बघाय जायाचं असतंय तिच्यावरनं."

सासू दारातून म्हणाली, "पोरगी मिळाली म्हंजी मिळवली." तो खवळला, पण आईवर नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "काट्यावर बसून बसून तुमचं डोस्कं काट्यागत झालंय. माशी बसली तरी हालतंय."

मी फीलर गेज खिशात ठेवला. बहीण दुधाच्या खोलीच्या दारात कॅन घासत होती. तिनं मान वर केली नाही.

त्यानंतर पिस्टन फ्रिजमध्ये गेला. रिंगा चढवल्यावर तो ब्लॉकच्या तोंडाशीच अडत होता, म्हणून ही युक्ती. ब्लॉक त्यानं मोठ्या पातेल्यात उकळत्या पाण्यात ठेवला. पिस्टन गारठून आकसला, ब्लॉक तापून फुगला. मग त्यानं फडक्यानं ब्लॉक धरला आणि मला म्हणाला, "रिंगा दाबून धरा, एवढं तरी येतंय का?" मी रिंगा धरल्या. त्यानं हातोडीच्या लाकडी मुठीचे दोन ठोके मारले आणि पिस्टन आत गेला. तो खूश झाला. "बघा. गेला का न्हाई सासरी? गुमान गेला."

हे बोलताना त्यानं माझ्या बहिणीकडे बघितलं.

दुपारी हेड चढवून नटा आवळल्या. किक बसेना. पायाखाली किक दगडासारखी उभी राहायची. मग गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून उतारावरनं ढकलली, तिसऱ्या ढकलण्याला इंजिन सुटलं आणि चालू झालं. आवाज छान होता, हे मला कबूल केलं पाहिजे. टाईट इंजिन सुरुवातीला फार गोड वाजतं. धूर बंद झाला होता. दिरानं गाडी चालूच अंगणात उभी ठेवली, हात कमरेवर ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गाडी मी बांधलीया. आता सकाळची फेरी बी मीच करणार. वैनींनी घरात बसावं, आईला बघावं. चारी वस्त्यांवर सांगून ठेवलंय मी, सोमवारपास्नं मी येणार म्हून."

सोमवार म्हणजे दुसराच दिवस. बहिणीला हे तिथंच, त्याच वेळी कळलं. तिच्याआधी ते चार वस्त्यांना माहीत होतं.

ती म्हणाली, "भावजी, दूध माझ्यावर इसवासून देत्यात त्या बाया."

"बाया देत्यात, पन जनावरं बाप्यांची हायती," दीर म्हणाला. सासू म्हणाली, "लय झालं आता मिरवनं. त्याचं लगीन झालं की तुला बी सुकच हाय. दोन घास मिळतील."

दोन घास. रोज सत्तर लिटर दूध डोंगरावरून खाली नेणाऱ्या बाईला. मी उठून आत पाणी प्यायला गेलो, कारण ओसरीवर बसून राहिलो असतो तर बोललो असतो. बहीण माझ्या मागनं आली. तांब्या माझ्या हातात देऊन तिनं हळू विचारलं, "दादा, त्यो पिस्टन खरंच धरंल?"

"धरणार."

"कवा?"

"सपाटीवर हळू चालवली तर थोडं लांब जाईल. चढाला लावली तर पुरता तापेल. वरच्या वस्तीचा चढ चढून परत आला तर येताना धरेल. मागचं चाक जागच्या जागी थांबतं मग."

तिनं मान हलवली. एखाद्या बाईनं आजच्या दुधाचा फॅट किती लागला हे ऐकून घ्यावं तशी. मला वाटलं, उद्या आपण त्या गाडीवर बसायचं नाही एवढं तिनं ठरवलं. मी तसं म्हटलंही, "तू बसू नको तिच्यावर."

"मला कोन बसू देतंय," ती म्हणाली.

बाहेर पूजेची तयारी चालली होती. इंजिन उघडून बांधलं की गाडी नवी समजतात. चाकाखाली लिंबू, हँडलला हळदी-कुंकू, नारळ, आणि पहिली फेरी घरातल्या बाप्यानं मारायची. बहीण ताट घेऊन पुढं झाली, कारण त्या गाडीला रोज पुसणारी तीच. सासूनं तिच्या हातातलं ताट काढून घेतलं. "तू नगं. नवं काम हाय. तुजा हात नगं लागाया." आणि शेजारच्या घरातल्या सुनेला हाक मारली. ती मुलगी विशीची असेल. तिनं ओशाळून माझ्या बहिणीकडे बघितलं, मग हँडलला कुंकू लावलं. माझ्या मेहुण्याच्या गाडीला, त्याची बायको चार हातांवर उभी असताना.

बहीण मागं सरून भिंतीला टेकली. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मी तिला लहानपणापासून ओळखतो, तिला राग आला की नाक लाल होतं. नाक लाल नव्हतं.

दीर गाडीवर बसला तेव्हा मी पुन्हा म्हटलं, "पावणं, चालवायचीच असेल तर सपाटीला चालवा. मधे थांबवून गार होऊ द्या. चढाला लावू नका." हे मी सगळ्यांसमोर म्हटलं. सासूनं ऐकलं, शेजारणीनं ऐकलं.

"पावण्यांस्नी भ्या वाटतंय," दीर म्हणाला.

भिंतीला टेकलेली बहीण म्हणाली, "दादा, गप बस. भावजींना कळतंय त्यातलं." मग दिराला म्हणाली, "भावजी, वरच्या वस्तीपतोर जाऊन या. भरल्या कॅना घेऊन त्योच चढ चढाय लागतोय. खेचतीया का बघा. लोकास्नी बी दिसू दे, उद्यापास्नं तुमी हाय ते."

त्याला हे इतकं आवडलं की तो क्षणभर तिच्याकडे बघतच राहिला. त्या घरात तिनं त्याच्या मनासारखं बोललेलं बहुधा ते पहिलंच वाक्य. "वैनी शानी झाली," तो आईला म्हणाला. लिंबू चिरडून गाडी गेली.

मी तिच्याजवळ गेलो. "तू काय केलंस हे?"

"काय केलं? रस्ता सांगितला."

थोड्या वेळानं तिचाच फोन वाजला. त्याचा होता. तिनं तो स्पीकरवर टाकला. वाऱ्याचा आवाज येत होता, मागं कुणाची तरी शेळी ओरडत होती. "वैनी, पावण्यास्नी सांगा, घोड्यागत चढली. एक डाव सुदिक मान टाकली न्हाई. हितं समदी बघाय जमल्यात."

मी हात पुढं केला, फोन दे म्हणून. म्हटलं, "त्याला सांग, इंजिन बंद कर. गार होऊ दे. हात लावून बघ म्हणावं, ब्लॉकला हात ठेववतो का."

तिनं फोन माझ्या हाताला लागू दिला नाही. तोंडाजवळ नेऊन म्हणाली, "दादा म्हनतोय, लय भारी. या आता बिगी बिगी. आत्याबाई नारळ घिऊन वाट बघत्यात." आणि फोन बंद केला.

मी माझ्या फोनवरून त्याला लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तो निघाला होता, आणि गाडी चालवताना खिशातला फोन कोण उचलतं. सासूनं विचारलं, "काय म्हनाला?" बहीण म्हणाली, "येतोय म्हनाला." मी माझी गाडी काढली आणि वर निघालो.

फार जावं लागलं नाही. चढ उतरून सपाटी लागते तिथं रस्त्याचं काम चाललेलं, बारीक खडी पसरलेली. उतार संपल्यावर त्यानं मूठ पिळली असणार. इंजिन तिथं धरलं. रस्त्यावर मागच्या चाकाची काळी रेघ होती, सरळ आणि मग एकदम आडवी. गाडी त्याच्या उजव्या पायावर पडली होती आणि इंजिन इतकं तापलं होतं की पोटरीची कातडी ब्लॉकच्या पात्यांना चिकटली होती. गाडी उचलल्याशिवाय पाय सुटत नव्हता आणि उचलताना कातडी मागं राहात होती. दुसरा उपाय नव्हता. मी आणि रोडरोलरवरचा एक माणूस, आम्ही उचलली. त्यानं दातांनी स्वतःचं मनगट धरलं होतं.

नडगीची दोन्ही हाडं मोडली होती. एका पिकअपमध्ये घालून इस्लामपूरला आणला. प्लेट बसवली, जळलेल्या जागी मांडीची कातडी लावली, त्यात पू झाला, प्लेट काढून पुन्हा बसवली. शेवटी जे जुळलं त्यात उजवा पाय डाव्यापेक्षा सव्वादोन सेंटिमीटर आखूड राहिला. डॉक्टरांनी टेप लावून मोजलं तेव्हा मी समोर होतो.

दवाखान्यात सगळं माझ्या बहिणीनं केलं. ह्यात कुणी बोट दाखवू शकणार नाही. ती सकाळची फेरी करून यायची, त्याचं तोंड धुवायची, भाकरी कुस्करून भरवायची, भांडं द्यायची, न्यायची. पहिल्या दिवशी सासू वॉर्डात सगळ्यांसमोर तिला म्हणाली, "पांढऱ्या पायाची. एक खाल्लास, आता दुसरा." बहिणीनं डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "आत्याबाई, मी तर गाडीला हात बी लावला न्हाई. तुमीच नगं म्हनालासा." सासू त्यानंतर जी बोलायची थांबली ती थांबलीच.

फेरी एकही दिवस चुकली नाही. पहिल्याच पहाटे बहिणीनं दिराची नवी गाडी काढली आणि तिला कॅन अडकवले. किल्ली त्याच्या शर्टाच्या खिशात होती. तो रक्तानं भरलेला शर्ट दवाखान्यातून घरी आणला होता. तिनं खिशातली किल्ली काढली, मग शर्ट भिजत घातला.

धरलेलं इंजिन मी माझ्या घरी आणलं. पिस्टनची एक बाजू खरवडून ब्लॉकला चिकटली होती. तो ब्लॉक गेलाच. सांगलीहून दुसरं किट आणलं, आतून होन मारून घेतला. ह्या वेळी पट्टी शिरली. पिस्टन तेल लावून सोडला तर स्वतःच्या वजनानं खाली गेला. गाडी बांधली, आठवडाभर मी हळू चालवली आणि तिला पोचवली. त्याची गाडी तिनं धुऊन कव्हर घालून ओसरीला लावून ठेवली. गाडीला आंबूस वास येत होता.

हे सगळं मी घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्यांना तरी कुठं ठाऊक, इतकं लागेल." मला तसं वाटत नाही. बहिणीनं मला नीट विचारून घेतलं होतं. कुठं धरेल, कसं धरेल, चाकाचं काय होईल. फक्त पाय किती आखूड होईल हे विचारलं नव्हतं, आणि ते मलाही सांगता आलं नसतं.

परवा मी तिकडे गेलो होतो. दीर आता काठी घेऊन चालतो. मुली बघणं बंद आहे. मुलीकडचे लोक अजून एकदा आले, त्याला अंगणात चालताना बघितलं आणि चहा न घेता गेले. दिवसभर घरात बसून त्याला करमेना, म्हणून तो दुधाच्या कामाला लागला. बहिणीनंच लावला. तो कॅन घासतो. घासलेला कॅन ती नाकाजवळ नेते, वास घेते, आणि पसंत पडला नाही तर काही न बोलता परत त्याच्यापुढं ठेवते. मी बसलो होतो तेवढ्यात एक कॅन दोनदा परत आला. मला तो स्वच्छ दिसला.

मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "आता पुरे की. तो कुठं तुझी फेरी मागतोय."

"आज मागत न्हाई," ती म्हणाली. "पाय न्हाई म्हून मागत न्हाई. मन त्येच हाय." आणि मग मला म्हणाली, "तू सकाळी ये माज्या मागनं. बघ."

पहाटे मी माझ्या गाडीवरून तिच्या मागं निघालो. दीर तिच्या मागच्या सीटवर बसला होता, काठी मांडीवर आडवी, दोन्ही बाजूंना कॅन. पहिल्या वस्तीवर तिनं गाडी थांबवली, इंजिन बंद केलं नाही. स्वतः उतरली नाही. तो उतरला, माप घेऊन दारापर्यंत गेला. आखूड पायानं माणूस चालतो तेव्हा भरलेलं माप डुचमळतं. दूध सांडू नये म्हणून तो दोन पावलांनी थांबायचा. बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. ह्याच दारांत त्यानं सोमवारपासून मी येणार असं सांगितलं होतं. दुसऱ्या वस्तीवर तसंच, तिसऱ्या वस्तीवर तसंच.

वरच्या वस्तीवर एक म्हातारी होती, तिला दिसायला कमी. तिनं पायांचा आवाज ऐकून विचारलं, "कोन रं? बाई न्हवं ही."

"मी हाय," दीर म्हणाला.

"तू कोन?"

त्यानं माप खाली ठेवलं. गाडीवर बसूनच बहीण मोठ्यानं म्हणाली, "गडी हाय, मावशी. नवा ठेवलाय."

म्हातारीनं बरं म्हणून चरवी त्याच्या हातात दिली. त्यानं ती मापात ओतली, थेंब पडू न देता, आणि कॅनकडे परत निघाला. बहिणीनं मागं वळून माप भरलं आहे का ते बघितलं, आणि तो नीट बसायच्या आतच गिअर टाकला.